पंचनाम्यात माती कुठंय?

२०२३ चा ऑगस्ट आमच्याकडं अख्खा कोरडा गेला. नुसता आमच्याकडंच नाही, १९०१ पासूनच्या नोंदी आहेत त्यात देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तोच. दिवाळीच्या आधी सरकारनं ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आमचा अंबाजोगाई होता. तलाठी आणि कृषी सहायक वावरात आले, सोयाबीन बघितलं, मोबाईलवर फोटो काढले, किती टक्के गेलं ते लिहिलं, सह्या घेतल्या आणि पुढच्या गट नंबरच्या वावराकडं गेले. त्यांची काही चूक नाही, जो फॉर्म हातात दिलाय तोच ते भरणार.

पण त्या दिवशी वावरात उभा होतो तेव्हा जे दिसलं ते फॉर्मवर कुठंच बसत नव्हतं. आमचे दोन तुकडे आहेत, एक वरच्या अंगाला आणि एक खाली, मध्ये फार तर तीनशे पावलं. बियाणं एकच, पेरणी एकाच दिवशी, पाऊस तर काय दोघांवर सारखाच, म्हणजे दोन्हीकडं नाहीच. वरचं सोयाबीन पावसाच्या खंडाच्या विसाव्या दिवशी माना टाकून बसलं आणि पंचविसाव्या दिवशी वाळून कडकड वाजायला लागलं. खालच्या तुकड्यात शेंगा निम्म्या का होईना भरल्या. हा खालचा तुकडा म्हणजे आजोबांच्या काळात जनावरं बांधायची जागा, शिवाय दरवर्षी धनगर येऊन तिथंच मेंढ्या बसवायचे, दहा-बारा रात्री मेंढ्या आणि बदल्यात ज्वारी. ते बंद होऊन वीस वर्षं झाली तरी ती माती अजून हातात घेतली की भुसभुशीत लागते, रवाळ. वरची माती हातात घेतली की पीठ, आणि पाऊस पडून उन्ह पडलं की तेच पीठ सिमेंट. कागदावर मात्र दोन्ही तुकड्यांचं कारण एकच लिहिलं गेलं, पावसाचा खंड.

खंड तर दोन्हीकडं सारखाच होता ना. मग फरक कशाचा?

मला या लेखात एवढंच म्हणायचंय की आपण दुष्काळ पाण्यात मोजतो, पिकात मोजतो, पूर्वी पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या मानानं रुपयात किती पैसे पीक आलं तो अंदाज, पन्नास पैशाच्या आत आली की नाही ते बघायचो, आता सॅटेलाइटवरून हिरवेपणा बघतो आणि मातीतली ओलही बघतो, पण ती ओल धरून ठेवणारी जी माती आहे तिचं काय झालंय हे कोणीच बघत नाही. आणि जोपर्यंत ते बघून त्याला पैसा लावत नाही तोपर्यंत आपण दर चार-पाच वर्षांनी मदत वाटत राहणार आणि दर वेळी पावसाच्या आणखी छोट्या खंडात जास्त वावरं जळणार. दुष्काळ येणार आणि जाणार, आमच्या भागात तो कधी नव्हता? पण दोन दुष्काळांच्या मधली जी बरी वर्षं असतात, ज्यात पाऊस चांगला आणि भाव बरा, त्याच वर्षांत आपण जमिनीची वाट लावतो.

वरच्या तुकड्याचंच सांगतो, कारण ते आम्हीच केलंय. त्या तुकड्याच्या उताराला आडवा एक मोठा धुरा होता, तुमच्याकडं बांध म्हणत असतील. १९७२-७३ च्या दुष्काळात जी कामं निघाली त्या कामावर तो घातलेला, माझी आज्जी त्याच्यावर पाट्या वाहायला होती, दिवसभर माती वाहायची आणि सुकडी, म्हणजे कामावर वाटायचे ते कोरडं खाणं, घेऊन घरी यायचं, ती शेवटपर्यंत सांगायची. त्या धुऱ्यावर बोरी होत्या, दोन निंब, तरवड, कुसळीचं गवत, आणि एका टोकाला दगड रचून सांडवा काढलेला की जादाचं पाणी माती न घेता जावं. पुढं वाटण्या झाल्या, धुरा आमच्या आणि चुलत्यांच्या मध्ये आला. बैलं विकली, ट्रॅक्टर भाड्यानं यायला लागला, ट्रॅक्टरला वळायला जागा लागते. आम्ही इकडून एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, कोरायचा, त्यांनी तिकडून एक तास. बांध कोरण्यावरून महाराष्ट्रात किती डोकी फुटलीत आणि किती केसेस पडून आहेत ते कुठल्याही तहसीलमध्ये जाऊन बघा, पण गंमत म्हणजे भांडण कायम असतं ते एका तासाएवढी जमीन कुणाकडं गेली याचं, त्या धुऱ्यानं अडवलेली माती कुठं गेली यावर मी तरी आजपर्यंत भांडण ऐकलं नाही. पंधरा वर्षांत धुरा संपला. आम्हाला प्रत्येकी दीड-दोन गुंठे मिळाले असतील. आणि त्याच्या बदल्यात दर मृगात वरची काळी माती ओढ्याला, ओढ्यातून मांजरेला, आणि आता वरच्या टोकाला नांगराला मुरूम लागतो.

एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात हे शाळेत सगळेच शिकतात. ती जायला किती लागतात हे मी बघितलंय.

आता हे फक्त धुऱ्याचं नाही. आमच्याकडं आधी खरिपात मूग-उडीद, तूर, पिवळी ज्वारी, आणि रब्बीला मोठी ज्वारी. ज्वारी म्हणजे नुसतं खायचं धान्य नव्हतं, कडबा होता, आणि कडब्यावर जनावर होतं, आणि जनावराचं शेण उकिरड्यावर आणि उकिरडा उन्हाळ्यात वावरात. सोयाबीन आलं, तीन-साडेतीन महिन्यांत हातात नगदी पैसा, कोणाला नको होता? पण सोयाबीनच्या भुसकटावर बैल उभे राहत नाहीत. ज्वारी कमी झाली तसा कडबा महागला, कडबा महागला तशी जनावरं गेली, जनावरं गेली तसं शेणखत गेलं. आज शेणखताची एक ट्रॉली विकत घ्यायची म्हणजे चार-पाच हजार रुपये आणि एकरी चार ट्रॉल्या तरी पाहिजेत, तेच युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशाला मिळते. कोणता माणूस काय टाकणार सांगा. युरिया टाकला की पीक आठवड्यात काळंभोर दिसतं, मातीला काय मिळालं ते दिसत नाही. आमच्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेण-पालापाचोळा कुजून मातीत राहिलेला कार्बन, वरच्या तुकड्यात अर्ध्या टक्क्याच्या बराच खाली आलाय. हा आकडा म्हणजे काय तर माती किती दिवस पाणी धरणार त्याची क्षमता. कर्ब असेल तर मातीचे रवे बनतात, रव्यांच्या मधून पाऊस आत उतरतो. कर्ब नसेल तर पहिल्या मोठ्या सरीत वर पापुद्रा धरतो आणि पाणी वरच्यावर पळतं, जाताना माती घेऊन जातं. वर दरवर्षी रोटावेटर, वरची चार-पाच इंच माती दळून पीठ आणि त्याच्या खाली दाबून दाबून तव्यासारखा थर, मुळ्याही तिथं अडतात आणि पाणीही. म्हणजे पाऊस पडला तरी वावराला तो मिळत नाही. आम्ही मात्र स्टेटस टाकतो, वरुणराजा रुसला.

हे फक्त आपल्यातच झालं असंही नाही. अमेरिकेत कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सासचा वरचा भाग इकडं मैलोन्‌मैल गवताळ रान होतं. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, ट्रॅक्टर आले, लोकांनी हजारो वर्षांचं ते गवत मुळासकट उलथवून गहू पेरला. पाऊस बरा होता तोवर सगळं छान. १९३१ पासून पाऊस आटला, पीक उभं राहिलं नाही, उघडी माती वाऱ्यावर गेली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार तिथं आजही काळा रविवार म्हणून ओळखतात, भर दिवसा धुळीनं अंधार पडला. लाखो माणसं घरदार सोडून गेली. पण त्यापुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच महिन्यात तिथल्या संसदेनं मृदसंधारणाचा कायदा केला, मातीसाठी वेगळं खातं काढलं, ह्यू बेनेट नावाचा मातीचा जाणकार त्याच्यावर बसवला, आणि शेतकऱ्यांना उताराला आडवं नांगरायचे, गवत परत लावायचे, वाऱ्याला आडव्या झाडांच्या रांगा लावायचे पैसे दिले. त्यांनी नुसती पिकाची भरपाई दिली नाही, माती सांभाळायची मजुरी दिली.

आता कोणी म्हणेल की तुमच्याकडं पाणीच नाही म्हणून हे सगळं, कॅनॉल आला की जमिनी सुधारतील. यावर आमच्या बीड जिल्ह्याइतकं चांगलं उत्तर कोणाकडं नसेल. आमच्याकडून दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसं ऊसतोडीला कोयता घेऊन निघतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायकोचा एक कोयता. ती जातात सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटकात. आमच्या गावातल्या टोळ्या कृष्णाकाठाला जातात, आणि तिथून आल्यावर सांगतात की तिकडं काही रानं अशी आहेत की त्यात पाय ठेवला तर चिखल आणि वाळलं की वर पांढरं मीठ, ऊस पिवळा पडून बुटका राहिलेला, काही ठिकाणी तर नुसती लव्हाळी. शिरोळ, वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांत हजारो हेक्टर जमीन अशी क्षारपड आणि पाणथळ झालीय. काळी चिकण जमीन, वर्षानुवर्षं पाटानं धो धो पाणी, ऊसामागं ऊस, निचऱ्याची सोय नाही, खालचं पाणी वर चढलं आणि येताना क्षार घेऊन आलं. एकेकाळी सोन्याचा तुकडा म्हणायचे ती जमीन ओसाड.

म्हणजे आमची माती पाणी न थांबल्यानं गेली, त्यांची पाणी न हलल्यानं गेली. आणि आमची माती गेली म्हणून आमची माणसं त्यांचा ऊस तोडायला जातात. मला हे पहिल्यांदा डोक्यात बसलं तेव्हा झोप लागली नव्हती.

आणि हे कळायला उशीर झाला असंही म्हणता येत नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ ला सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत बारामतीकडच्या जमिनी फुटायला लागल्या, म्हणजे मीठ वर यायला लागलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन आणि त्यांच्याबरोबर ताम्हणे यांनी त्या खारवट जमिनींचा अभ्यास १९१० च्या सुमारास करून ठेवलाय. शंभर वर्षांहून जास्त झाली! जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून ते पाणी बाहेर काढता येतं, शिरोळकडं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ते करून दाखवलंय आणि मेलेल्या रानात परत ऊस आलाय, पण त्याला खर्च मोठा, शिवाय ते एकट्याचं काम नाही, तुमच्या रानातलं पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्याला न्यायला लागतं, म्हणजे सगळ्यांनी मिळून चर काढायला लागतो. बिघडवलं एकेकट्यानं, सुधारायला मात्र अख्खा शिवार लागतो.

आणि आम्ही मराठवाड्यातले यातून काय शिकलो तर ऊस लावायचा. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीत ऊस चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यातलं जवळपास सत्तर टक्के तो पितो असं केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंच म्हटलंय. एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, त्याच्या आधी तिथं पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी नको म्हणून जमावबंदी लावायला लागली होती. त्या लातूरच्या आजूबाजूला मांजरेच्या खोऱ्यात ऊस होता आणि आजही आहे. धरणात पाणी नसलं की बोअर, सहाशे फूट, आठशे फूट, आणि आमचा खडक काळा कातळ, वरच्या झिजलेल्या थरात जे मुरतं तेवढंच दरवर्षी भरतं, खाली भेगांमध्ये जे सापडतं ते थोडं आणि भरायला अतिशय सावकाश. बऱ्याच ठिकाणी ते खोलचं पाणी जड असतं, तेच काळ्या रानात पाजत राहिलं की तिथंही पांढरं दिसायला लागतं. भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली बोअर घ्यायला बंदी आहे. आमच्या तालुक्यात दोनशे फुटांवर थांबलेला बोअरवाला मी बघितलेला नाही.

मग शेतकऱ्याला शिव्या द्यायच्या का? नाही. ऊसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान भाव, आहे, ठरलेला खरेदीदार आहे, गारपिटीत उभा राहतो, सहा महिने लक्ष दिलं नाही तरी चालतं. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो पण आमच्याकडं त्या भावानं खरेदी केंद्रावर ज्वारी घालून आलेला माणूस शोधावा लागेल. पाखरं राखायला माणूस मिळत नाही ते वेगळंच. दोन-तीन एकराचा माणूस बैलजोडी पाळू शकत नाही. निम्मी रानं बटईनं नाहीतर मक्त्यानं, घेणारा एका वर्षासाठी घेतो, तो दुसऱ्याच्या वावरात शेणखत कशाला टाकेल, धुरा कशाला घालेल? प्रत्येकानं आपापल्या जागी हिशोब बरोबरच केलाय. त्या सगळ्या बरोबर हिशोबांची बेरीज मातीत निघालीय. म्हणूनच मी म्हणतो की हा जनजागृतीचा विषय नाही, शिबिरं घेऊन आणि प्रतिज्ञा म्हणून काही होणार नाही, पैसा कशाला मिळतो ते बदलल्याशिवाय.

बदलता येतं हे आपल्याच राज्यात दिसलंय. ७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखेंनी पुरंदर तालुक्यात नायगावला देवस्थानची माळरानाची जमीन घेऊन ताली, म्हणजे उताराला आडवे बांध, घातल्या, पाणी अडवलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम असा की पाणी जमिनीवर नाही, माणशी, माणसामागं अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस लावायचा नाही. हिवरे बाजारला शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, मोकाट चराई नाही, आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. दोन्हीकडं आधी माती आणि उतार धरला, वरून खाली, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, मग पाणी थांबलं. जलयुक्त शिवारमध्ये चांगली कामं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही, पण आमच्याकडं तरी माथा राहिला बाजूला आणि सगळ्यांनी पोकलेन लावून नाले खोल केले, कारण त्याचं बिल लवकर निघतं आणि फोटो चांगला येतो. वरच्या वावरांतली माती जोवर सुटतेय तोवर तो खोल नाला दोन पावसाळ्यांत भरतो. मग गाळमुक्त धरणाच्या योजनेतून तोच गाळ उपसून ट्रॅक्टरनं परत वावरात टाकायचा. टाकावाच, मी पण टाकलाय, चांगला असतो. पण तो गाळ म्हणजे आमच्याच वावरातली माती, जी आम्ही फुकट घालवली आणि डिझेल जाळून परत आणली.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा नदीकाठची वावरं अक्षरशः खरडून गेली, खाली दगडगोटे उरले. त्यावेळी सरकारनं खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख धरले आणि रोजगार हमीतून जमीन दुरुस्तीलाही पैसे धरले. पुरले का, मिळाले का, तो वेगळा विषय. पण म्हणजे माती गेली तर नुकसान झालं हे सरकारला मान्य आहे, फक्त ती एका रात्रीत जायला पाहिजे. तीच माती चाळीस वर्षांत थोडी थोडी गेली तर तिला रकाना नाही.

तो रकाना काढायला नवीन काही शोधायला लागत नाही. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून आहे, त्यात सेंद्रिय कर्ब लिहून येतो, ती पत्रिका कपाटात पडते कारण तिच्यावर एक रुपया अवलंबून नाही. ई-पीक पाहणी २०२१ पासून आहे, शेतकरी स्वतः मोबाईलवर पिकाचा फोटो टाकतो, त्यातच धुऱ्याचा फोटो का नाही? तीन वर्षांनी कर्ब वाढला किंवा निदान टिकला, धुरा सांडव्यासकट उभा आहे, उतारावर आडवी पेरणी आहे, तर त्या गटाला हेक्टरी ठरलेली रक्कम द्या, दुष्काळ असो नसो. युरियाच्या अनुदानातला थोडा वाटा शेणखताला आणि जनावर पाळणाऱ्याला द्या. रेशनवर ज्वारी द्या आणि ती इथंच हमीभावानं घ्या, कडबा आपोआप येईल. क्षारपड जमिनीत निचऱ्याचे चर सरकारनं सार्वजनिक काम म्हणून काढावेत, रस्ता काढतात तसे, कारण ते एकट्याच्या सात-बाऱ्यावर बसत नाही. आणि ज्या तालुक्याला टँकर लागतो तिथं नवीन साखर कारखान्याला परवानगी नको, मग तो कोणत्या का पक्षाच्या माणसाचा असेना. पैसा कुठून आणायचा असं विचारणाऱ्यांनी एका दुष्काळाचा टँकर, छावण्या, अनुदान, पीकविमा असा सगळा खर्च एकदा मांडून बघावा.

आमच्या घरी गेल्या उन्हाळ्यात आण्णा आणि चुलते बऱ्याच वर्षांनी एका बाजेवर बसले. विषय मीच काढला, वरच्या धुऱ्याचा. आधी जुनं सगळं निघालं, कोणी किती कोरलं, कोणाच्या बाजूची बोर आधी तोडली. शेवटी ठरलं की दोघांनी तीन-तीन फूट सोडायचं, मोजणी न आणता, जुन्या निंबाचं खोड अजून आहे तिथून सरळ रेघ धरायची. आज्जी ज्या टोकाला पाट्या टाकायची तिथं सांडव्याचे दगड अजून मातीत सापडतात, चुलत्यांनी पहारीनं उकरून सात-आठ काढून ठेवलेत. जेसीबीवाल्याला मृगाच्या आधीचा दिवस मागितलाय.